कंपनीच्या औषधाची कपाशीवर चाचणी: आकडे शाबूत कसे ठेवायचे

गुलाबी बोंडअळीच्या औषधाची चाचणी कास्तकाराच्या वावरात घ्यायची तर पहिलं काम करारनाम्याचं. औषध कंपनीचं, पैसा कंपनीचा, सही तुमची. कच्च्या नोंदी संशोधकाकडे राहतील आणि निकाल चांगला येवो की वाईट, तो प्रसिद्ध करता येईल, हे त्यात असलंच पाहिजे. कंपनीला मसुदा वाचायला 30 दिवस द्या, पण "कंपनीच्या संमतीने प्रसिद्ध होईल" ही ओळ खोडा. ती राहिली तर बाकी कराराला काही अर्थ नाही.

5 उपचार घ्या, म्हणजे तुलनेसाठी 5 वेगवेगळ्या फवारण्या. त्यात एक नुसत्या पाण्याचा, एक सध्या चालणाऱ्या औषधाचा. प्रत्येक उपचार 4 वेळा, म्हणजे 4 पुनरावृत्ती धरून 20 वाफे होतात आणि एरर डीएफ (योगायोगाचा फरक मोजायला मिळणारी मोकळीक) 12 मिळतो. त्याखाली जाऊ नका. वाफ्यांची वाटणी प्रत्येक ब्लॉकमध्ये (एका पुनरावृत्तीचे 5 वाफे) चिठ्ठ्या टाकून करा. "आमचा वाफा रस्त्याकडं ठेवा, लोकांना दिसंल" ही विनंती साधी वाटते, पण धुऱ्याजवळची पऱ्हाटी आणि मधली पऱ्हाटी सारखी नसते. पाण्याच्या वाफ्यात नुकसान होणारच, म्हणून कास्तकाराची भरपाई आधीच लिहून ठेवा. नाहीतर तो रात्री तिथं फवारणी करून मोकळा होईल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

फवारणी कधी, हेही आधीच ठरवा: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग 3 रात्री, दर सापळ्यात रोज 8 पतंग. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे दोन-चार दिवस मागेपुढे केले तरी निकाल फिरतो.

मोजणाऱ्याला कोणत्या वाफ्यात काय मारलं ते कळू नये. त्यासाठी वाफ्यांना नंबर द्या, बाटल्यांची लेबलं मात्र काढू नका. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास माणसं गेली. फवारणाऱ्याला हातातलं विष काय आहे आणि त्यावर उपचार काय, हे माहीत असलंच पाहिजे. तेव्हा फवारणारा वेगळा, मोजणारा वेगळा, आणि वाफ्यांची यादी तिसऱ्याकडे बंद पाकिटात.

कडेच्या दोन ओळी सोडून प्रत्येक वाफ्यातली 20 हिरवी बोंडं फोडून अळ्या आणि किडके कप्पे मोजा. अळीने आत शिरल्यावर छिद्र बुजतं, बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. वरवर मोजलं तर कोणतंही औषध गुणकारी ठरतं. बोंडं कंपनीच्या माणसाला निवडू देऊ नका. मोजणी फवारणीच्या आदल्या दिवशी, मग 7व्या आणि 14व्या दिवशी.

नोंदवही शिवलेली, पानांना नंबर, लिखाण पेनाने. चुकलेला आकडा एका रेघेने खोडून बाजूला तारीख-सही. रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढा. पुढं कुणी म्हणेल, "तो वाफा सोडा ना साहेब, तिथं ढोरं शिरली होती." शिरली असतील तर त्या दिवशीच्या पानावर ते असेल. पाकीट उघडल्यावर आठवलेली ढोरं धरायची नाहीत.

वरिष्ठांकडून तोंडी सूचना आली तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी ईमेल करा: "आपण फोनवर अमुक सुचवलं, मी आकडा मूळचाच ठेवत आहे." बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो.

अहवालात फरक सीडीपेक्षा (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे खरा मानायला लागणारा किमान फरक) कमी असेल तर "सरस" लिहू नका, "बरोबरीचं" लिहा. औषध, पैसा, प्रवास, जेवण कुणाचं ते पहिल्याच पानावर येऊ द्या. आणि एक प्रत त्या कास्तकाराला, मराठीत.