सायलेन्सर दोनदा बदलला, त्याची गोष्ट

पहिल्यांदा फसलो ते आवाजाला भुलून. दगडधोंड्यांत चालवायच्या माझ्या गाडीच्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला, धूर बाहेर नेणारा तीन इंची पाइप लावला. गाडी मस्त गुरगुरायची, पण चढावर दमायची. पाइप गरजेपेक्षा जाड असला की धुराचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, पडतो. दगडधोंड्यांत नेमका तोच लागतो! त्यात २००० आरपीएमच्या आसपास आवाज केबिनमध्ये असा घुमायचा, की डोकं उठायचं. शेवटी बंपरखाली लोंबणारं टोक दगडावर आपटून चेपलं, तेव्हा सगळं उतरवलं.

आता अडीच इंची, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा कॅट-बॅक सेट आहे, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर. धुरातले विषारी वायू कमी करणारा तो कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागच्या जागी. टोक मागच्या चाकामागून बाजूला, चेसिसच्या वर चढवून घेतलंय. शंभरेक किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळले. दोन ढिले निघालेच.