टोपातला खिमा-पास्ता: या चुका टाळा

आमच्या कुडाळच्या घरी आठवड्यातून एकदा तरी हा टोप चढतो. बायको आणि मी, दोघंही सातच्या पुढे घरी येतो. तेव्हा भाकऱ्या थापायचं त्राण कुणातच नसतं. खिमा, टोमॅटो, पास्ता, पाणी, सगळं एकाच टोपात. घासायलाही एकच भांडं. अमेरिकेत यात बीफचा खिमा घालतात, आम्ही मटणाचा घेतो. म्हशीचा घेतलात तरी खालचं सगळं लागू आहे, फक्त शिजायला जरा जास्त वेळ द्या.

वेळ पाऊण तास. "वीस मिनिटांत होतो" म्हणणाऱ्यांनी मटणाचा खिमा कधी चावून बघितलेला नाही.

माझा भाचा त्यातलाच. त्याने एका संध्याकाळी सगळं कुकरमध्ये कोंबलं, तेही काठोकाठ. मग फोन. "मामा, शिट्टीच होत नाय, नुसता फेस येताहा." पास्त्याच्या पिठाचा फेस वर चढतो आणि शिट्टीच्या भोकात अडकतो, वाफेला वाट उरत नाही. मी ओरडलो, गॅस बंद कर आणि झाकणाला हात लावू नको. अर्ध्या तासाने मी तिथे पोचलो, तोवर कुकर थंड झाला होता. उघडला तर आत पास्ता असा नव्हताच. कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं, त्यात दहा मिनिटांची वस्तू पंचवीस मिनिटं राहिली. आईने डोकावून विचारलं, "ह्यो कसलो शिरो केलंस रे?" खाल्ला तो आम्ही, चमच्याने. खिमा तेवढा मऊ झाला होता. म्हणून कुकर हवाच असेल तर खिम्यापुरता वापरा. पास्ता नंतर, उघड्या टोपात.

दुसरी माझ्या रागाची चूक म्हणजे ओला खिमा. घरी आणायचा, चाळणीत धुवायचा आणि तसाच तेलात टाकायचा. धुतलेला खिमा पाणी धरून बसतो. पाणी आटेपर्यंत तो 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग यायला 140 च्या आसपास लागतं. म्हणजे तुम्ही खिमा परतत नसता, उकडत असता. मग राखाडी गोळे होतात आणि चव यावी म्हणून लोक मालवणी मसाला दुप्पट घालतात! मी मटणवाल्याला सांगतो, मटण आधी धू, निथळव, मग मशीनमध्ये घाल. घरी आणल्यावर स्वच्छ फडक्याने दाबून टिपतो. टोप जाड बुडाचा, चांगला तापलेला; खिमा पसरायचा आणि तीन मिनिटं उलथनं बाजूला ठेवायचं. ही तीन मिनिटं नवशिक्यांना झेपत नाहीत, सारखं ढवळत राहतात. बुडाला जे तपकिरी चिकटतं ते करपलेलं नव्हे; टोमॅटो घातला की सुटून येतं, आणि खरी चव त्यातच असते.

मसाला त्यानंतर, आच मंद करून. थोडं पाणी घालून खिमा झाकणाखाली पंधरा मिनिटं शिजवा आणि मगच पास्ता टाका.

पाव किलो खिमा, पाव किलो पास्ता असेल तर पास्त्याबरोबर साधारण 600 मिली उकळतं पाणी. थंड पाणी ओतलंत तर टोप परत उकळेपर्यंत पास्ता नुसता भिजत पडतो.

मैद्याचा स्वस्त पास्ता यात विरघळतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघा.

आंबटासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालणार असाल तर मीठ शेवटी, चव बघून. आगळात मीठ असतंच. हे मलाही दोन टोप वाया घालवल्यावर कळलं.

नारळाचं दूध आवडत असेल तर पातळ दूध पाण्याच्या जागी चालतं. घट्ट दूध मात्र गॅस बंद केल्यावर, नाहीतर फुटतं. आगळ आणि घट्ट दूध दोन्ही घालून उकळायला ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि रस थोडा पातळ असतानाच गॅस बंद करा. पानं वाढेपर्यंत पास्ता उरलेलं पाणी पितो. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचा असेल तर गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला.