मीठ, दुष्काळ आणि बाटलीतला कॅलस : पहिल्या प्रोजेक्टआधी हे वाचा

निफाड तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात विहीर आटली की बोअरच्या मचूळ पाण्यावर बाग जगवायची, आणि मग पानांच्या कडा करपायला लागायच्या. अण्णा विचारायचे, "पाणी कमी पडलं म्हणून करपतंय की पाण्यातल्या क्षारानं? शिकते ना तू त्यातलं?" नाशिकला एम.एस्सी. करताना प्रोजेक्टला मी हाच प्रश्न घेतला. यंदा टिश्यू कल्चर (वनस्पतीचा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवणं) घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहितेय.

पहिलं म्हणजे, सुरुवात द्राक्षावर करू नका. कापलेल्या तुकड्यातून फिनॉल सुटतात, मीडिया (ऊती वाढवायचं पोषक मिश्रण) तपकिरी पडतो आणि ऊती ताणानं (मीठ किंवा पाणीटंचाई) मेली की कापण्यानं, तेच कळत नाही. माझे दोन महिने त्यात गेले. मग पंचवटीच्या मार्केट यार्डातून गाजरं आणली. एम.एस. मीडिया (मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली दिलेला), लिटरला ३० ग्रॅम साखर, १ मिलिग्रॅम टू-फोर-डी (वाढीचं संप्रेरक), सामू ५.८, तापमान २५ अंश. पाचेक आठवड्यांत पुरेसा कॅलस, म्हणजे मूळ-पान नसलेला पेशींचा गोळा, मिळाला.

खरी चूक पुढे झाली. काही बाटल्यांत १०० मिलिमोलर मीठ घातलं, म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम सोडियम क्लोराइड. दुष्काळासाठी १० टक्के पीईजी ६००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल). मिठातला कॅलस खुरटला, पीईजीतला बऱ्यापैकी वाढला. मी वहीत लिहिलं : क्षार दुष्काळापेक्षा घातक. मॅडमनी वही वाचून एवढंच विचारलं, "पाण्याची ओढ दोन्हीकडे सारखी होती का?"

नव्हती. २५ अंशाला १०० मिलिमोलर मिठामुळे ऑस्मोटिक पोटेन्शियल (हेच ओढीचं माप; जितकं खाली, तितकी ओढ जास्त) साधारण ०.५ मेगापास्कलनं खाली जातं. १० टक्के पीईजीनं जेमतेम ०.१५नं. बरोबरी करायला पीईजी २० टक्क्यांच्या आसपास हवं होतं. हा हिशोब सगळ्यात आधी करा, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. मीठ दोन कामं करतं : पेशीला पाणी घेणं अवघड करतं, आणि स्वतः आत शिरतं, तिथे त्यातला सोडियम पोटॅशियमची जागा अडवतो. पीईजी ६००० चा रेणू इतका मोठा की तो पेशीत जात नाही, फक्त पाणी ओढतो. ओढ सारखी ठेवली, तरच उरलेला फरक मिठाच्या विषारीपणाचा म्हणता येतो. पीईजीऐवजी मॅनिटॉल स्वस्त पडतं, पण ते हळूहळू पेशीत शिरतं, म्हणून मी टाळलं.

पीईजी जास्त झालं की मीडिया गोठवणारा अगार नीट घट्ट होत नाही. माझी अख्खी बॅच पातळ राहिली. मग द्रव मीडियात फिल्टर पेपरचा पूल करून त्यावर कॅलस ठेवला. मात्र असं केलंत तर कंट्रोल (ताण न दिलेल्या) आणि मिठाच्या बाटल्याही तशाच ठेवा, नाहीतर तुलना पुन्हा फसते.

मोजताना नुसत्या ओल्या वजनावर जाऊ नका, पाणी निघून गेलं तरी ते घटतं. कोरडं वजन घ्याच, पण मिठातल्या कॅलसच्या कोरड्या वजनात शोषलेलं मीठही असतं हे ध्यानात ठेवा. फ्लेम फोटोमीटरवर सोडियम-पोटॅशियम काढलंत तर चित्र स्पष्ट होतं. प्रोलीन (ताणात पेशीत साठणारं अमिनो आम्ल) सगळेच काढतात : ॲसिड निनहायड्रिननं रंग आणायचा, तो टोल्युइनमध्ये घ्यायचा आणि ५२० नॅनोमीटरला मोजायचा. ते दोन्ही ताणांत वाढतं. पण प्रोलीन वाढलं म्हणजे ऊती तगली, असं लिहू नका. ती त्रासात असल्याचीही ती खूण असू शकते.

मिठात टिकलेला कॅलस दिसला की फार आनंद होतो. तरी तो दोन-तीन सबकल्चर (ताज्या मीडियावर हलवणं) साध्या मीडियावर वाढवा आणि मग पुन्हा मिठात घाला. बऱ्याचदा ती तात्पुरती सवय निघते, टिकाऊ बदल नसतो.

नोकरीचं विचाराल, तर जळगावकडे केळीच्या ग्रँड नैन जातीच्या रोपांचं मोठं काम चालतं. तिथे रोज लॅमिनारवर (निर्जंतुक हवेच्या टेबलावर) बसावं लागतं आणि निर्जंतुक हात लागतो. तो याच प्रोजेक्टमध्ये घडतो, म्हणून मीडिया बनवणं, बाटल्या धुणं दुसऱ्यावर टाकू नका.

प्रोजेक्ट संपल्यावर अण्णांना आकडे दाखवले. त्यांनी विचारलं, "मग आपल्या डॉगरीज खुंटाचं काय?" (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात, तो खुंट.) मला सांगावं लागलं की बाटलीतल्या गोळ्याला मूळ नाही, पान नाही. खुंटाची मुळं किती मीठ वर जाऊ देतात, ते कॅलस दाखवू शकत नाही. आता घरामागे वाळूच्या पिशव्यांत डॉगरीजच्या काड्या लावल्यात. निम्म्यांना विहिरीचं पाणी घालतो, निम्म्यांना बोअरचं.