रेझिनच्या थरावर खूण करा

रेझिनच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड बनवताना साखळ्या मध्येच एकमेकींना चिकटल्या की जोडणी अर्धवट राहते, आणि ते कळतं थेट शेवटच्या एचपीएलसीत (शुद्धतेच्या तपासणीत). आधीच कळावं म्हणून:

१. १ ग्रॅम पॉलिस्टायरीन रेझिन (१% डीव्हीबी हा क्रॉसलिंकर असलेलं) १० मिली डीएमएफ या द्रावकात ३० मिनिटं फुगवा.
२. डीएमएफ गाळा, थराची उंची भांड्यावर मार्करने नोंदवा. डीसीएम (डायक्लोरोमिथेन) या द्रावकात उंची मोजू नका, त्यात रेझिन तरंगतं.
३. दर वेळी एफमॉक (अमाइनवरचा संरक्षक गट) काढून डीएमएफने धुतल्यावर उंची बघा. साखळीबरोबर थर वाढायला हवा. आक्रसला, तर तिथून पुढचं प्रत्येक अमिनो आम्ल एनएमपी या द्रावकात दोनदा जोडा.

आक्रसलेल्या रेझिनवर कायझर चाचणी (मोकळं अमाइन उरलंय का, हे निनहायड्रिनने बघणारी) पिवळी, म्हणजे ‘जोडणी पूर्ण’, आली तरी विसंबू नका. निनहायड्रिनही आतल्या अमाइनपर्यंत नीट पोचत नाही.