करारावर वाद घालायचाय? आधी वहीत एक पान आखा

वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, संपली की बॉस्टनजवळच्या आमच्या वूस्टरमध्ये खरा वाद पेटतो. मैदानं बर्फाखाली जातात, पण बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं, कोणाला किती वर्षांचा करार द्यावा यावर फेब्रुवारीपर्यंत लोक हमरीतुमरीवर येतात. कामावर जेवणाच्या सुट्टीत, न्हाव्याच्या खुर्चीत, आणि माझ्या बाबतीत घराच्या कुंपणाशी. शेजारचे आजोबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. १९६७ पासूनचा प्रत्येक हंगाम त्यांना तोंडपाठ आहे.

मी मूळचा लासलगावचा. वडील कांद्याचे व्यापारी. लहानपणी बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगांमधून त्यांच्या मागे फिरायचो. लिलावात ते दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवायचे: माल कसा आहे, आणि भाव कसा आहे. एक नंबर माल चढ्या भावाने घेतला तर घरात पैसे येत नाहीत, आणि दोन नंबरचा मालही बेताच्या भावात मिळाला तर चार पैसे सुटतात. बेसबॉलच्या करारांवरचे निम्मे वाद हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतल्यामुळे होतात. एक म्हणतो, खेळाडू भारी आहे. दुसरा म्हणतो, करार वाईट आहे. दोघंही खरं बोलत असतात आणि तासभर भांडत राहतात.

इकडे नव्याने आलेली आपली बरीच मंडळी आयपीएलचा लिलाव कोळून प्यायलेली असतात आणि त्यांना या हिवाळी चर्चेत उतरायचं असतं. त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहितो. त्यासाठी लागते एक वही. प्रत्येक निर्णयाला एक पान. पानावर तारीख, खेळाडूचं नाव, वय, वर्षं, रक्कम, बदल्यात काय मिळालं, माझं मत एका ओळीत, आणि हे मत पुन्हा कधी तपासायचं त्याची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो का, ते पुढे येईलच.

पैशाचे नियम आधी पाठ करा

आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी होते. ते संपले की हात खाली. बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. हवा तेवढा खर्च करा, पण ठरलेल्या रेषेवर गेलात तर वरच्या रकमेवर कर भरा. ही रेषा २०२५ साली २४१ मिलियन डॉलरवर होती, २०२६ साठी २४४ वर आहे. (एक मिलियन म्हणजे दहा लाख.) पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. फारच वर गेलात तर अधिभार वेगळा. एक वर्ष रेषेखाली काढलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

रेषेच्या हिशेबात त्या वर्षी खेळाडूच्या हातात किती पडले हे बघत नाहीत. एकूण रक्कम भागिले वर्षं, ही सरासरी धरतात. रेड सॉक्समधून गेलेल्या झँडर बोगार्ट्सला सॅन डिएगोने डिसेंबर २०२२ मध्ये ११ वर्षांचे २८० मिलियन दिले, म्हणजे वर्षाला साडेपंचवीसच्या आसपास. वर्षं वाढवली की सरासरी खाली येते, हे त्यातलं इंगित. पैसे पुढे ढकलले तरी आकडा उतरतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीला १० वर्षांचे ७०० मिलियन कबूल केले, त्यातले ६८० मिलियन २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे आहेत. म्हणून रेषेच्या हिशेबात त्याचे वर्षाला ७० न धरता ४६ च्या आसपास धरतात. ‘सातशे मिलियन’ हा शब्द कोणी फेकला की आधी विचारा, कधी द्यायचेत?

दुसरा नियम सहा वर्षांचा. मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात. पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगार, २०२५ साली तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. नंतर आर्बिट्रेशन: खेळाडू एक आकडा मांडतो, संघ एक मांडतो आणि लवाद त्या दोनांपैकी एकच निवडतो, मधला नाही. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. म्हणून कोणत्याही खेळाडूबद्दल बोलण्याआधी त्याची किती वर्षं उरलीत ते वहीत लिहा. लवकरच फ्री एजंट होणाऱ्या तिशीतल्या खेळाडूसाठी एखाद्या संघाने अदलाबदलीत चार होतकरू पोरं का दिली नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा याच आकड्यात असतं.

‘पैसे नाहीत’ म्हणजे नक्की काय

फेब्रुवारी २०२० चं पान माझ्या वहीत सर्वांत जास्त खाडाखोडीचं आहे. मूकी बेट्स, वय २७, २०१८ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकून देणारा. रेड सॉक्सने त्याला डॉजर्सकडे दिलं. सोबत डेव्हिड प्राइस हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हाही दिला आणि त्याच्या उरलेल्या ९६ मिलियनपैकी अर्धे आपणच भरायचं कबूल केलं. बदल्यात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. त्या वर्षी कराची रेषा २०८ मिलियनवर होती आणि संघाला तिच्या खाली यायचं होतं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पाठीवर ५० आकडा असलेला शर्ट ती झोपतानाही घालायची. बातमी आली त्या संध्याकाळी तिने तो घडी करून माझ्या हातात दिला आणि विचारलं, “बाबा, आपल्याकडे पैसे नव्हते का?”

तिचा प्रश्न आजही वादात वापरतो. पैसे नव्हते, की रेषा ओलांडायची नव्हती? बॉस्टनची तिकिटं देशातल्या सर्वांत महागड्या तिकिटांमध्ये मोडतात. मालकाला परवडत नव्हतं हे मी मान्य करत नाही. रेषेखाली येऊन कराची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हे धोरण असू शकतं, पण त्याला धोरणच म्हणावं. त्याच उन्हाळ्यात बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६५ मिलियनचा करार केला आणि तिथे २०२०, २०२४, २०२५ अशी तीन विजेतेपदं जिंकली. डाउन्सला २०२२ च्या डिसेंबरात संघाने सोडून दिलं. व्हर्डुगो वर्षभराने यँकीजकडे गेला. त्या पानावर माझं मत मी बदललेलं नाही: खेळाडू अप्रतिम, मागितलेला भाव रास्त, आणि विकणारा चुकला.

वयाचा रकाना उभा आखा

चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये घेतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विकतात. मधल्या काळात घट येणार, काही सडणार, हे धरूनच व्यापारी एप्रिलचा भाव सांगतो. लांबच्या कराराकडेही असंच बघा. कराराचं प्रत्येक वर्ष एका ओळीत लिहा आणि पुढे त्या वर्षीचं वय. बोगार्ट्सच्या पानावर पहिल्या ओळीत ३० येतं आणि शेवटच्या ओळीत, २०३३ च्या पुढे, ४० येतं. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली, मैदानातली सर्वांत धावपळीची जागा. मग प्रश्न असा विचारायचा: यातल्या पहिल्या किती वर्षांत आपले पैसे वसूल व्हायला हवेत? माझ्या मते पाच. पुढची सहा वर्षं घटीत धरायची. त्या हिशेबाने बोगार्ट्सला जाऊ दिलं ते मला पटलं. आजोबा मात्र पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नव्हते.

ऑक्टोबरच्या मोहापासून सांभाळा. पाब्लो सँडोव्हालने २०१४ च्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांत, २६ हिट्स मारले, तेव्हाचा विक्रम. नोव्हेंबरात रेड सॉक्सने त्याला ५ वर्षांचे ९५ मिलियन दिले. पुढच्या हंगामात फलंदाजीची सरासरी .२४५ (म्हणजे हजारात २४५ वेळा हिट), मग खांद्याची शस्त्रक्रिया, आणि जुलै २०१७ मध्ये करार संपायच्या कितीतरी आधी त्याला मोकळं केलं. महिनाभराच्या खेळावर पाच वर्षांचा भाव ठरला होता.

त्याच्या जागी कोण?

‘एवढे पैसे देऊ नका’ म्हणणाऱ्याला दुसरं वाक्यही पूर्ण करायला लावा. देऊ नका, मग त्या जागी कोण खेळेल आणि त्याला किती द्यावे लागतील?

जॉन लेस्टरचं उदाहरण मी नव्या माणसाला हमखास सांगतो. आपल्याच संघात वाढलेला डावखुरा पिचर, कर्करोगातून उठून परत आलेला, दोन वर्ल्ड सीरिज जिंकून देणारा. २०१४ च्या वसंतात संघाने त्याच्यापुढे ४ वर्षांचे ७० मिलियन ठेवले, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. गोष्ट तुटली, जुलैत त्याला ओकलंडला दिलं, आणि डिसेंबरात शिकागो कब्जने त्याला ६ वर्षांचे १५५ मिलियन दिले. मग आपल्याला पहिल्या नंबरचा पिचर हवाच होता. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०१५ मध्ये, डेव्हिड प्राइसला ७ वर्षांचे २१७ मिलियन दिले. लेस्टरला देऊ केलेला आणि प्राइसला दिलेला, हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा आणि थोडा वेळ बघत बसा. प्राइसने २०१८ च्या ऑक्टोबरात पैशाचं चीज केलं, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या उरलेल्या पैशाचंच ओझं पुढे बेट्सच्या सौद्यात बांधलं गेलं.

ऑप्ट-आउटबद्दल, म्हणजे करार मध्येच सोडायच्या मुभेबद्दल, थोडक्यात. अ‍ॅलेक्स ब्रेगमनला फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ वर्षांचे १२० मिलियन दिले, पण दर वर्षानंतर बाहेर पडायची मुभा त्याला होती, आणि पहिल्या हंगामानंतर तो पडला. असा करार वहीत ‘तीन वर्षं’ म्हणून लिहू नका. एक वर्ष लिहा. खेळाडू चांगला खेळला तर जाणार, दुखावला तर राहणार, म्हणजे जोखीम संघाची.

प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते, तिच्या शेपटाकडे बहुतेक लोक बघत नाहीत. नवा माणूस घ्यायचा तर कोणाला तरी काढावं लागतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

चुकलेलं पान फाडू नका

३० डिसेंबर २०२३. रेड सॉक्सचा पिचर ख्रिस सेल, वय ३४, सोबत १७ मिलियन रोख, अटलांटाला. बदल्यात व्हॉन ग्रिसम हा तरुण इनफिल्डर. माझ्या वहीत त्या तारखेला लिहिलंय: ‘योग्य निर्णय. सेल आता उभा राहत नाही.’ २०२० पासून तो सतत दुखापतीत होता, म्हणून तसं लिहिलं. २०२४ मध्ये सेलने १८ सामने जिंकले, ३ हरले, ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या रन्स, जितका कमी तितका बरा) २.३८, २२५ स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. ग्रिसम बॉस्टनसाठी त्या वर्षी ३१ सामने खेळला, सरासरी .१९०.

मी कुठे चुकलो ते शोधायला एक रविवार घालवला. २०२३ चा त्याचा ईआरए ४.३० होता, मी तेवढाच बघितला होता. त्याच वर्षी त्याने १०२ इनिंग्ज आणि दोन बादमध्ये १२५ स्ट्राइकआउट्स काढले होते, आणि तो आकडा थकलेल्या हाताचा नव्हता. तेव्हापासून पिचरच्या पानावर आधी स्ट्राइकआउट्स आणि वॉक्स (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट दिलेले बेस) लिहितो, ईआरए शेवटी. बॅटरच्या पानावर तो किती वेळा बेसवर पोचतो ते आधी, किती रन्स आणवले ते शेवटी, कारण रन्स आणवणं बेसवर आधीच कोण उभं होतं त्यावरही असतं. तुमच्या वहीतही अशी पानं येतील. वादात समोरच्याला ती स्वतःहून दाखवा. मी सेलचं पान आजोबांना दाखवलं, त्यानंतर ते माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

आणि जीव लावलेल्या खेळाडूसाठी पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवा. ‘हा गेला तर मला वाईट वाटेल’ हेही लिहा, पण वेगळ्या ओळीत. रकमेत मिसळू नका आणि खोडूही नका. मुलीचा ५० नंबरचा शर्ट अजून कपाटात आहे, आणि तिच्यासारख्या पोरांनी पुढची वीस वर्षं सामने बघितले नाहीत तर संघाच्या हिशेबातही ते कधीतरी उतरणारच.

सध्याचं माझं शेवटचं पान रोमन अँथनीचं आहे. इथे वूस्टरच्या पोलर पार्कला तो रेड सॉक्सच्या दुय्यम संघातून खेळायचा तेव्हा एप्रिलच्या बोचऱ्या थंडीत मी त्याला बघितलंय. प्लेटबाहेर जाणारा चेंडू तो मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यापर्यंत मान वळवून बघतो, बॅट जागची हलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, ८ वर्षांचे १३० मिलियन, २०२६ पासून. एरवी तो २०३१ नंतर मोकळा झाला असता, आता २०३३ पर्यंत इथेच, आणि संघाला हवं तर २०३४ सुद्धा. कराराचं शेवटचं वय २९ की ३०, म्हणजे माल चाळीत न जाता ताजा असतानाच विकत घेतलेला. मी लिहिलं: ‘चांगला खेळाडू, चांगला भाव.’ वही कुंपणावरून आजोबांकडे दिली. त्यांनी थरथरत्या अक्षरात खाली लिहिलं, ‘आणखी दोन वर्षं मागायला हवी होती’, आणि तपासायच्या तारखेच्या रकान्यात स्वतःच घातलं: ऑक्टोबर २०२९.