गाय वेगळी बांधली, तरी साथ का पसरते? गोठ्यातल्या या चुका टाळा

आजारी गाय गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधली की काम झालं, ही पहिली चूक. लाळ्या-खुरकुतीत, म्हणजे इंदूरकडच्या खुरपका-मुंहपकामध्ये, तोंडात फोड दिसायच्या आधीच श्वासातून, लाळेतून, दुधातून विषाणू बाहेर पडू लागतो. लाळ गळताना दिसेपर्यंत शेजारच्या दावणीला तो बहुधा पोचलेला असतो. म्हणून एक गाय लंगडू लागली, चारा सोडला, की त्याच गव्हाणीवरच्या सगळ्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ घ्या. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं धरा. शेणात खुपसला तर आकडा फसवतो. 103 अंश फॅरनहाइटच्या वर असलेलं जनावर, फोड नसले तरी, आजारी धरा.

जनावर वेगळं होतं, माणूस मात्र होत नाही. ही चूक जास्त महाग पडते. तोच गडी, तीच बादली, कास पुसायचं तेच फडकं. आजारी जनावराला शक्य तर दुसरा माणूस द्या. नसेल तर आधी निरोगी जनावरांच्या धारा, आजारी सगळ्यात शेवटी. दावं, पावडा, शेणाची पाटी, पाण्याचं टाकं वेगळं. इंदूरजवळच्या राऊ-महूकडे दूधवाल्याचे कॅन रोज गोठोगोठी फिरतात, तेव्हा दूध दारात द्या, कॅन आत येऊ देऊ नका.

फिनाइलवर विसंबू नका. फिनॉलवर्गी औषध लम्पीच्या, म्हणजे अंगावर गाठी उठणाऱ्या त्वचारोगाच्या, विषाणूला मारतं, कारण त्याच्यावर चरबीचं आवरण असतं. लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूला ते आवरणच नाही, त्यामुळे फिनाइलचा उग्र वास फक्त आपल्याला समाधान देतो. तिथे धुण्याचा सोडा लागतो (खायचा नव्हे): 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम. हा विषाणू आंबट (आम्लधर्मी) किंवा सोड्यासारख्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. पण आधी शेण खरवडून जमीन धुवा, मग सोड्याचं पाणी टाका आणि निदान दहा मिनिटं ओलं राहू द्या. शेणावर ओतलेलं कुठलंच औषध नीट काम करत नाही. ब्लीचिंग पावडर तर नाहीच. दारातल्या पाय बुडवायच्या टाकीचंही तेच: पाणी शेणकट झालं की बदला.

लम्पीचा रस्ता वेगळा. 2022 च्या पावसाळ्यात ती माळव्यात पसरली तेव्हा भिंती-कुंपणाने ती अडली नाही, कारण तिला चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड वाहून नेतात. आजारी गाईला मच्छरदाणीत ठेवा, शेणाचा ढीग गोठ्यालगत साचू देऊ नका. गळून पडलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकतो, म्हणून त्या झाडून उकिरड्यावर न टाकता जाळा. एकाच सुईने अख्ख्या गोठ्याला इंजेक्शन देणं म्हणजे माशीचं काम स्वतः करणं. दर जनावराला नवी सुई.

हाटातून आणलेलं जनावर थेट दावणीला लावू नका. 28 दिवस वेगळं ठेवा. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर घेऊन लस कधी झाली ते पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. लस आठवड्यापूर्वीच टोचली असेल तर ते जनावर अजून सुरक्षित धरू नका.

लाळ्या-खुरकुतीची पहिली लस चार महिन्यांच्या वासराला, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. या लशीने लम्पी टळत नाही, तिची लस निराळी. लाळ्या-खुरकुतीची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसवर ठेवा. बर्फात गोठलेली बाटली फेकून द्या, ती वितळली तरी वाया गेलेली असते.

वासरांकडे दुर्लक्ष नको. आजारी गाईला पिणाऱ्या वासराच्या हृदयावर विषाणू घाला घालतो, आणि तोंडात एकही फोड नसताना ते अचानक दगावतं. त्याला आईपासून तोडा, निरोगी गाईचं दूध उकळून, कोमट करून पाजा, आणि 1962 वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.