टीकेआरमध्ये टर्निकेटवर थिसिस घेताय? आधी माझी फजिती वाचा

यंदाच्या फर्स्ट इयरच्या तिघांनी एकाच आठवड्यात विचारलं की टीकेआरमध्ये (गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये) टर्निकेट (मांडीला आवळून रक्त अडवणारा, हवेने फुगणारा पट्टा) लावून आणि न लावता ब्लड लॉस कम्पेअर करायचा विषय घेऊ का. घ्या की, झिजलेले गुडघे काय कमी पडणार नाहीत आपल्याकडे. कुणी म्हणेल २०२० च्या कोक्रेन रिव्ह्यूत (आधीच्या ट्रायल्स एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) ४१ ट्रायल्स आहेत, आता काय उरलंय. त्यात टर्निकेटवाल्यांना पहिल्या दिवशी दुखणं जास्त आणि सिरीयस कॉम्प्लिकेशन्सही जास्त असं आलंय, तरी आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) टर्निकेटचा कफ, म्हणजे तो पट्टा, सवयीनेच ३०० mmHg वर फुगतो ना? मग विषय जिवंत आहे.

आता माझी चूक. पहिले दोन महिने मी सक्शनच्या बाटलीवर विसंबून होते. बाटलीतून लॅव्हाजचं (सांधा धुतलेलं) सलाईन वजा, रक्त टिपलेले मॉप तोलून त्यांचं वजन अधिक, ड्रेन (जखमेतल्या नळीतून आलेलं) अधिक, झाला ब्लड लॉस. टर्निकेट ग्रुपचा लॉस निम्म्याहून कमी येत होता, मी खूश, सर त्याहून खूश. मग अॅनेस्थेशियाच्या एका सिनियर मॅडमनी सहज विचारलं, "मग तुझ्या टर्निकेटवाल्या आज्यांचं हिमोग्लोबिन पण अकरावरून नऊवर का येतंय गं?" मी गप्प.

कारण साधं आहे आणि मला ते पाठ होतं, फक्त डोक्यात शिरलं नव्हतं. कफ वर, म्हणजे फुगलेला, असताना फील्ड कोरडं असतं, सिमेंट छान बसतं, पण कफ सोडला की रक्त उसळून परत येतं, त्यात फायब्रिनोलिसिसही (रक्ताच्या गुठळ्या विरघळणं) वाढलेलं असतं, मग ते सांध्यात, मांडीत मुरत राहतं आणि ना बाटलीत दिसतं ना ड्रेनमध्ये. हाच हिडन लॉस. म्हणून टोटल लॉस मोजायचा नाही, काढायचा. नॅडलरच्या फॉर्म्युल्याने उंची-वजनावरून अंगातलं ब्लड व्हॉल्यूम, मग ग्रॉसचा फॉर्म्युला: व्हॉल्यूम गुणिले हिमॅटोक्रिटमधला (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्यातला) फरक, भागिले त्याची सरासरी. १५० सेंमी, ६५ किलोच्या बाईंचा व्हॉल्यूम साधारण ३.५ लिटर येतो. हिमॅटोक्रिट ३६ वरून २८ झालं तर फरक ८, सरासरी ३२, म्हणजे पाव भाग, जवळजवळ ८८० मिली गेलं. बाटली आणि ड्रेन मिळून ३५० दिसले असतील तर बाकीचे ५३० कुठे गेले ते आता कळलं. (उंची मीटरमध्ये टाका. मी एकदा सेंमीमध्ये टाकली तर एका आजींच्या अंगात बारा लाख लिटर रक्त निघालं.)

पुढचा खड्डा सॅम्पलच्या दिवसाचा. माझ्याकडे काहींचा पहिल्या दिवसाचा रिपोर्ट होता, काहींचा तिसऱ्या. पहिल्या दिवशी रक्त मुरणं चालूच असतं, फ्लुइड शिफ्टही (गेलेल्या रक्ताच्या जागी शरीरातलं पाणी रक्तात येणं) पूर्ण झालेला नसतो, त्यामुळे लॉस कमी दिसतो. सगळ्यांचा एकच दिवस ठरवा, मी नंतर तिसरा ठेवला. आणि मधे रक्त चढवलं असेल तर हिमॅटोक्रिट वर जातं, तेवढं व्हॉल्यूम हिशोबात मिळवायलाच पाहिजे, नाहीतर ज्याचं जास्त गेलं त्याचाच लॉस कमी दिसेल. त्यात आपल्या वॉर्डात पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिटचा रिपोर्ट पण आणि चढवायच्या रक्ताची पिशवी पण! माझ्या प्रोफॉर्मात (केसची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) दोन्ही एकाच कॉलमखाली होतं, ते निस्तरायला दिवाळीची सुट्टी गेली.

घाबरू नका, माझ्या नऊ केसेस बाद झाल्या, तसं थिसिसमध्ये सरळ लिहिलं आणि कुणी खाल्लं नाही मला. पण जुन्या थिसिसचा प्रोफॉर्मा ढापू नका, प्लीज. त्यात मूळ माणसाची चूकही फुकट मिळते. गाईडने 'बघ जुनं' म्हटलं तरी. माझं प्रामाणिक मत, या विषयात गाईडपेक्षा अॅनेस्थेशियाची ओळख जास्त कामाला येते, कारण ट्रानेक्सा (रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक अॅसिड) किती आणि कधी दिलं हे त्यांच्याच शीटवर असतं. तो डोस दोन्ही ग्रुपला सारखा नसेल तर तुम्ही टर्निकेट नाही, ट्रानेक्सा कम्पेअर करताय.

कफ फुल टाईम वर होता की फक्त सिमेंटिंगला, टाके घालण्याआधी सोडला की ड्रेसिंगनंतर, हे सिनॉप्सिसमध्येच (थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यातच) लिहून टाका. आणि फुगवल्या-सोडल्याची वेळ ओटीतले दादा फळ्यावर लिहितात, तिचा लगेच फोटो काढा. पुढची केस आत आली की ते पहिल्यांदा फळाच पुसतात.